मिरी घरी जाईल कशी?

एक होतं परस. परसात होती तिवई. तिवईवर होती मधाची पेटी, आणि पेटीत राहायच्या पुष्कळ पुष्कळ मधमाश्या. त्यातली सगळ्यात छोटी माशी म्हणजे आपली मिरी.

पेटी होती द्वारकाआजीची. आजीने जन्मभर शिवणयंत्र चालवलं. खडखड, खडखड. अख्ख्या गावाची मापं तिला पाठ. साठी उलटली, तसं तिने यंत्र झाकून ठेवलं आणि मधाची पेटी आणली. लोक म्हणाले, साठी बुद्धी नाठी. आजी म्हणाली, असू दे बाई. पण खरं सांगू का? आजीला थोडी भीतीच वाटायची. माशीचं माप तिने कधी घेतलंच नव्हतं.

एके दिवशी मिरी गेली फुलांवर. भुर्र भुर्र. पायांना पिवळी पिवळी पूड लावून घेतली. घरी बाळं भुकेली होती ना, त्यांचा खाऊ तो. गुं गुं गुं करत मिरी परत आली, आणि बघते तर काय? तिवई आहे. पेटी नाही. घरच नाही.

मिरी गेली आजीकडे. भिर्र भिर्र.

"आजी आजी, माझं घर कुठे?"

आजी म्हणाली, "ऊन फार लागत होतं गं. मेण वितळेल म्हणून पेटी पडवीत ठेवली."

मिरीला पडवी ठाऊक नव्हती. माशीचं असंच असतं. ती पेटी ओळखत नाही, जागा ओळखते.

"माझ्या सगळ्या वाटा तिवईवर येतात, आजी. घर जागेवर ठेव ना."

आजीने रिकाम्या तिवईकडे बघितलं. पण ऊनही काही खोटं नव्हतं. ती म्हणाली, "वेल सावली करील, तर ठेवीन."

मिरी गेली भोपळ्याच्या वेलाकडे. भिर्र भिर्र. वेल आपला जमिनीवर लोळत पडलेला.

"वेला वेला, सावली कर ना.
आजी घर ठेवीना,
मी घरी जाईन कशी?"

वेल म्हणाला, "लोळत लोळत कुणी सावली करतं का? काका मांडव घालील, तर करीन."

मिरी गेली शेजारच्या दामूकाकाकडे. भिर्र भिर्र. काकाच्या अंगणात काठ्या होत्या, चांगल्या लांब लांब.

"काका काका, मांडव घाल ना.
वेल सावली करीना,
आजी घर ठेवीना,
मी घरी जाईन कशी?"

काका म्हणाला, "काठ्या आहेत, पण बांधू कशाने? केळ सोपट देईल, तर घालीन."

सोपट म्हणजे केळीच्या बुंध्याची वाळकी साल. दोरीसारखी बांधता येते.

मिरी गेली केळीकडे. भिर्र भिर्र.

"केळी केळी, सोपट दे ना.
काका मांडव घालीना,
वेल सावली करीना,
आजी घर ठेवीना,
मी घरी जाईन कशी?"

केळ म्हणाली, "वाळून कडक झालंय. ओढलं की तुटतं, कट्कन. डोण पाणी देईल, तर भिजवून देईन."

मिरी गेली दगडी डोणीकडे. भिर्र भिर्र. डोणीत पाणी काठोकाठ. पण पाणी जायची वाट पानांनी बुजलेली.

"डोणी डोणी, पाणी दे ना.
केळ सोपट देईना,
काका मांडव घालीना,
वेल सावली करीना,
आजी घर ठेवीना,
मी घरी जाईन कशी?"

डोण म्हणाली, "मला का नको आहे द्यायला? माझं तोंड बुजलंय. वारा पानं उडवील, तर देईन."

मिरी गेली वाऱ्याकडे. भिर्र... भिर्र. आता पंख दमले होते. पायांवरचा खाऊ जड झाला होता. वारा फणसाखाली झोपला होता, डाराडूर.

"वाऱ्या वाऱ्या, पानं उडव ना.
डोण पाणी देईना,
केळ सोपट देईना,
काका मांडव घालीना,
वेल सावली करीना,
आजी घर ठेवीना,
मी घरी जाईन कशी?"

वाऱ्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत. झोपेतच म्हणाला, "मला कुणी हलवील, तर उठीन."

मिरीने पंख हलवले. फर्र फर्र. वारा काही हलेना. आणखी हलवले. फर्र फर्र फर्र. अंहं. एवढीशी मिरी, एवढेसे पंख.

मिरीला रडू आलं. ती परत गेली तिवईकडे. दुसरीकडे जाणार तरी कुठे?

तिवईवर होती एक बहीण. तिच्या मागे तीन. त्यांच्या मागे वीस. सगळ्यांच्या पायांना पिवळी पूड, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं. घर कुठे?

मिरीने डोळे पुसले. म्हणाली, "चला गं, सगळ्या मिळून हलवू."

सगळ्या गेल्या फणसाखाली. एका ओळीत उभ्या राहिल्या. शेपट्या केल्या वर. आणि एकदम,

फर्र फर्र फर्र फर्र फर्र फर्र.

वाऱ्याच्या नाकात गुदगुल्या झाल्या. तो या कुशीवरून त्या कुशीवर वळला. शिंकला, आणि उठलाच.

वाऱ्याने पानं उडवली. सळसळ, सळसळ.
डोणीने पाणी दिलं. खळखळ, खळखळ.
केळीने सोपट दिलं. मऊ मऊ, ओलं ओलं.
काकाने मांडव घातला. ठोक ठोक, ठोक ठोक.
वेल मांडवावर चढला. सरसर, सरसर.
वेलाने सावली केली. गार गार, गार गार.

मग आजीने पेटी उचलली. हळू हळू, जपून जपून, चालली पाऊल पाऊल. आणि तिवईवर घर ठेवलं. जिथल्या तिथे.

मिरी शिरली आत. भुर्रकन. बाळांनी खाऊ खाल्ला, मटामटा.

संध्याकाळी मिरी दारात आली. बघते तर आजी समोर पाटावर बसलेली. चेहरा अगदी एवढासा झालेला.

"माझं चुकलं गं, मिरे," आजी म्हणाली. "तुला न विचारता तुझं घर हलवलं. मी नवी आहे ना."

"मीपण नवी होते," मिरी म्हणाली. "नवी माशी लगेच लांब जात नाही, आजी. आधी घराकडे तोंड करते. थोडी डावीकडे डुलते. थोडी उजवीकडे डुलते. सगळं नीट बघून घेते."

आजीने पेटीकडे तोंड केलं. थोडी डावीकडे डुलली. थोडी उजवीकडे डुलली. आणि अंधार पडेपर्यंत नीट बघत बसली.

माशी गेली पोळ्यात,
झोप आली डोळ्यांत.