झुंबरची चेहरातपासणी

एका गावात एक भोळा तपासनीस होता, झुंबर नावाचा. आपलं डोकं पोकळ आहे, हे तो स्वतःच सांगायचा. "पण एकदा आत शिरलेलं बाहेर पडत नाही," असंही म्हणायचा. ते मात्र खरं होतं.

त्याचं लग्न वेणूशी ठरत आलं होतं. वेणूवर त्याचा फार जीव. तिच्या वडिलांची, आबांची, अट एकच: आधी नोकरी पक्की करा.

नोकरी होती मोबाइलवर पैसे लावून रमी खेळवणाऱ्या कंपनीत. खेळणाऱ्यांची ओळख तपासायची. तिथल्या वरिष्ठ काकडे मॅडमनी समजावलं, "थोडे पैसे लावले तर नुसतं नाव विचार. जास्त लावले तर ओळखपत्र माग. लाखावर गेले तर चेहरा बघ आणि पैसा कुठून आणला तेही विचार."

एका आजोबांनी दहा रुपये लावले. म्हणाले, "जपून रे बाळा, मला हे लाखाच्या ठिकाणी आहेत."

झुंबरने त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. "आजोबा, हा लाख आणला कुठून?"

मॅडम ओरडल्या, "अरे, दहा रुपयांना नाव पुरे!"

"चुकलं मॅडम. पोकळ डोकं."

मग एकाने दहा-दहा करत पैसे लाखाच्या वर नेले. झुंबरने दर वेळी नाव विचारलं. त्याने दर वेळी नवं सांगितलं.

"मॅडम, नाव पुरे म्हणालात. यानं तर ढीगभर दिली!"

मॅडमनी कपाळावर हात मारला. "नाव कुणीही सांगेल! चेहरा फोटोशी जुळव. नाही जुळला तर परत पाठव. मग तो कुणी का असेना."

नेमके त्याच आठवड्यात कंपनीचे मालक आले. भिंतीवरच्या त्यांच्या फोटोत दाट केस, दारात चकचकीत टक्कल. झुंबरने त्यांना दारातूनच परत पाठवलं. मॅडमना घाम फुटला. मालक मात्र खूश. "असाच कडक माणूस हवा!"

नोकरी पक्की झाली. आबांनी मुहूर्त काढला.

लग्नाच्या सकाळी न्हाव्याने हौसेने झुंबरची मिशी उडवली. नवरदेव घोड्यावर बसून मांडवाशी आला. दारात भला मोठा फ्लेक्स. त्यावर मिशीवाला झुंबर हात जोडून उभा. झुंबरने फ्लेक्स पाहिला. मोबाइलमध्ये स्वतःला पाहिलं. पुन्हा फ्लेक्स पाहिला. आणि घोडा वळवला.

आबा धावले. "अहो जावईबापू, निघालात कुठे?"

"परत. चेहरा जुळत नाही."

"कुणाचा?"

"माझा."

आत वेणू हार घेऊन उभी होती. डोळे पुसत झुंबर म्हणाला, "आबा, पोर गुणाची आहे. भलत्याच माणसाच्या गळ्यात बांधू नका. खरा नवरदेव मिशी घेऊन येईल, तोवर थांबा."