उड्याचे पाय थांबेनात

एक होता कुत्रा. लहानसा, तांबूस. एक कान उभा, एक कान पडका. त्याचं माणूस हरवलं.

माणसांची कुत्री हरवतात. इथे कुत्र्याचंच माणूस हरवलं. खरं सांगू? हरवलं नव्हतं. सोडून गेलं होतं. पण कुत्र्याला ते कुठे ठाऊक?

त्याला माणसं फार आवडायची. माणूस दिसलं की टपाक! अंगावर उडी. दूधवाला आला, टपाक! दूध सांडलं. शेजारीण आली, टपाक! शेजारीण पडली. मग त्याच्या माणसानं त्याला स्कूटरवर घातलं. गावाबाहेर, वीटभट्टीपलीकडे, कुत्र्यांचा आसरा होता. पत्र्याचं छप्पर, जाळीची दारं. तिथे त्याला बांधलं. स्कूटर गेली फुर्रर्र. दिवसभर कुत्रा त्या रस्त्याकडे बघत राहिला.

आसऱ्यात होत्या शेवंतामावशी. त्यांनी त्याचं नाव ठेवलं उड्या.

एका घरानं उड्याला नेलं. टपाक! परत आणलं. दुसऱ्या घरानं नेलं. टपाक! परत आणलं. मावशी म्हणाल्या, "आता तिसऱ्यांदा परत आलास, तर तुला कोण न्यायचं न्हाई बघ."

उड्या घाबरला. घाबरला तरी उड्याच मारल्या. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

एका सकाळी रिक्षा आली. रिक्षातून उतरल्या दमयंतीकाकू. हातात काठी, गुडघ्याला पट्टा. मावशींनी जाळीची दारं उघडली होती. कुत्री अंगणात हुंदडत होती. उड्या धावला. टपाक!

काकू दोन पावलं मागे सरकल्या. कुंपण धरलं, म्हणून वाचल्या. मग हळूच बाकावर बसल्या.

उड्या म्हणाला, "काकू, काकू, मला घरी न्या."

काकू म्हणाल्या, "नेईन की. पण आधी तुझे पाय थांबू देत. मी पडले तर उचलायला घरात कुणी नाही. रिक्षावाला तीनदा पों करील, तोवर मी बसलेय. मग मी जाणार."

उड्यानं खाली बघितलं. पाय नाचत होते. टपाक टपाक टपाक.

"पायांनो, पायांनो, थांबा ना.
काकू नेईनात.
मी घरी जाऊ कसा?"

पाय म्हणाले, "आम्ही थांबू. पण आधी शेपटी थांबू दे. ती मागून ढकलते."

उड्यानं मागे बघितलं. शेपटी हलत होती. सपक सपक सपक.

"शेपटीताई, शेपटीताई, थांब ना.
पाय थांबेनात,
काकू नेईनात.
मी घरी जाऊ कसा?"

शेपटी म्हणाली, "मी थांबेन. पण आधी काळीज निवू दे. ते उडतं, म्हणून मी हलते."

उड्यानं आत ऐकलं. काळीज उडत होतं. धडधड धडधड धडधड.

"काळजा, काळजा, निव ना.
शेपटी थांबेना,
पाय थांबेनात,
काकू नेईनात.
मी घरी जाऊ कसा?"

काळीज म्हणालं, "मी निवेन. पण आधी छातीवर हात येऊ दे. ठेवला आणि काढला, असा नको. ठेवलेला हात हवा."

पों! रिक्षावाल्यानं पहिला भोंगा दिला.

उड्या पळाला. टपाक टपाक टपाक. मावशी भात वाढत होत्या. एका हातात बादली, एका हातात डाव.

"मावशी, मावशी, हात द्या ना.
काळीज निवेना,
शेपटी थांबेना,
पाय थांबेनात,
काकू नेईनात.
मी घरी जाऊ कसा?"

मावशी म्हणाल्या, "दिला असता रं राजा. पण मला दोनच हात, आणि चाळीस तोंडं. आधी बादली सरू दे."

उड्यानं बादलीत तोंड घातलं. तळाशी भात होता. एका कुत्र्यापुरता.

"बादली, बादली, सर ना.
हात मिळेना,
काळीज निवेना,
शेपटी थांबेना,
पाय थांबेनात,
काकू नेईनात.
मी घरी जाऊ कसा?"

बादली म्हणाली, "मी सरेन. पण आधी भुरा जेवू दे. हा भात त्याचा आहे. कालही तो जेवला नाही, परवाही जेवला नाही."

पों! रिक्षावाल्यानं दुसरा भोंगा दिला.

उड्या पळाला. टपाक टपाक टपाक. अगदी मागच्या भिंतीपाशी भुरा पडला होता. म्हातारा भुरा. तोंड भिंतीकडे. माणसं आली तरी तो वळत नसे.

"भुरादादा, भुरादादा, जेव ना.
बादली सरेना,
हात मिळेना,
काळीज निवेना,
शेपटी थांबेना,
पाय थांबेनात,
काकू नेईनात.
मी घरी जाऊ कसा?"

भुरानं एक कान तेवढा हलवला. मग भिंतीलाच म्हणाला, "मीही उड्या मारायचो. प्रत्येक माणसासाठी मारायचो. कुणी नेलं नाही. मग एक दिवस मारल्या नाहीत."

"पण जेव ना, भुरादादा."

"जेवेन. पण एकट्याच्या गळ्याखाली घास उतरत नाही बाबा. आधी कुणीतरी शेजारी बसू दे."

उड्यानं इकडे बघितलं. कुत्री पळत होती. तिकडे बघितलं. कुत्री भुंकत होती. भुराशेजारी बसायला कुणी नव्हतं. होता तो एकटा उड्या. आणि उड्याला बसता येत नव्हतं.

तो तसाच उभा राहिला आणि हळू आवाजात सगळं पुन्हा म्हणू लागला.

"भुरा जेवेना,
बादली सरेना,
हात मिळेना,
काळीज निवेना,
शेपटी थांबेना,
पाय थांबेनात,
काकू नेईनात.
मी घरी जाऊ कसा?"

म्हणता म्हणता त्याला भुराची पाठ दिसली. पाठीची हाडं दिसली. त्याला फार वाईट वाटलं. म्हणता म्हणता पुढचे पाय वाकले. म्हणता म्हणता मागचे पाय वाकले. उड्या भुराला टेकला. भुराची पाठ ऊन ऊन होती.

उड्या बसला. किती वेळ? थोडाच वेळ. पण तेवढा पुरला.

भुरानं भिंतीकडचं तोंड वळवलं. मावशींनी तिथे येऊन भात वाढला. लपक लपक लपक.

भुरा जेवला, तशी बादली सरली.
बादली सरली, तसा हात मोकळा झाला.
हात मोकळा झाला, तो उड्याच्या छातीवर आला. आला आणि राहिला.
हात राहिला, तसं काळीज निवलं. धड... धड... धड.
काळीज निवलं, तशी शेपटी थांबली.
शेपटी थांबली, तसे पाय थांबले.

पों! रिक्षावाल्यानं तिसरा भोंगा दिला.

काकू काठी टेकून उठल्या. उड्याकडे बघितलं. उड्या चार पायांवर उभा होता. नुसता उभा.

मावशी म्हणाल्या, "काकू, आधीच सांगते. दोनदा परत आलाय हा."

"ऐकलंय मी," काकू म्हणाल्या. "चल रे."

उड्या रिक्षात बसला. भुराला कुणी नेलं नाही. तो जाळीपर्यंत चालत आला आणि रिक्षा दिसेनाशी होईतो उभा राहिला. वाईट वाटतं ना? मलाही वाटतं. पण रिक्षा एकच होती आणि काकूही एकच.

काकूंचं घर आलं. तीन पायऱ्या, एक दार. दार उघडलं. आत खुर्ची एकच, कपबशीही एकच. उड्याला वाटलं, हे घर. हे माझं माणूस. आणि...

टपाक!

काकू भिंतीवर आदळल्या. काठी पडली. खडखड खडखड. कोपर सोलपटलं.

उड्या तिथल्या तिथे थिजला. पुढे काय होतं ते त्याला माहीत होतं. पहिल्या घरी तेच झालं होतं, दुसऱ्या घरीही तेच. त्याला कुणी काही म्हणायच्या आधीच तो निघाला. उंबरठा ओलांडला. तीन पायऱ्या उतरला. खालच्या पायरीपाशी रस्त्याकडे तोंड करून बसला. आता रिक्षा येईल. आता परत नेतील.

रिक्षा आली नाही.

आत काकूंनी काठी उचलली. कोपरावर फुंकर घातली. मग दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय रे, तिकडं कुठं बसलास?"

उड्या वळला नाही.

"आत ये. दार लावायचंय मला."

उड्या वळला नाही. दार कसं लागतं ते त्याला ठाऊक होतं. दार लागतं आणि आपण बाहेर राहतो.

मग काकू पायऱ्या उतरल्या. एक. थांबल्या. दोन. थांबल्या. गुडघा दुखला. तीन. उड्याशेजारी पायरीवर बसल्या. त्याच्या छातीवर हात ठेवला. काढला नाही.

"पडले मी," त्या म्हणाल्या. "उठलेसुद्धा. उद्या परत पडेन, परत उठेन. तुला नाही परत नेणार."

उड्याला सगळं कळलं नाही. पण हात कळला.

दोघं उठली. आधी काकू, मग उड्या. एक पायरी, दोन पायऱ्या, तीन पायऱ्या. हळू. पाय नाचले नाहीत. शेपटी मात्र थोडी हलली. सपक.

काकूंनी कडी लावली. खट्.

दार लागलं, आणि उड्या आत होता.

काकूंच्या दाराला कडी, आपल्या गोष्टीलाही कडी.