शिळ्या पाण्याची परी

ही गोष्ट बागेचे जुने माळी सोपानराव फुलारी यांच्याकडून, त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी दुपारी, कमळतळ्याच्या काठावर ऐकलेली आहे. घटना त्यांनी सांगितल्या त्याच ठेवल्या आहेत. मुलांसाठी रंग तेवढे भरले आहेत.

गावाच्या टोकाला एक फुलबाग होती. तिच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत सोपान माळ्याची छोटीशी लेक रेवू राहत असे. रेवूला आई नव्हती. आईने मागे ठेवलेली दौलत एवढीच : तिने कमळतळ्यात सोडलेल्या इवल्याइवल्या मासोळ्या. रुपेरी अंगाच्या, केशरी शेपटीच्या. आणि सर्वांत धाकटीच्या कपाळावर तर निळी टिकली!

एका उन्हाळ्यात तळ्याला तडा गेला आणि डागडुजीसाठी ते रिकामे करावे लागले. तळाशी उरले एक डबके, त्यात शेवाळलेला दगड आणि एक मलूल कमळपान. सोपानने कुठूनशी काचेची पेटी आणली. रेवूने तीत धुतलेली वाळू पसरली, नळाचे पाणी भरले आणि मासोळ्या सोडल्या.

"तळं भरेपर्यंत जगव यांना, पोरी," सोपान म्हणाला.

रेवूने त्यांना जिवापाड जपले. आई होती तेव्हा ती रोज पहाटे हंड्यातले शिळे पाणी ओतून टाकी, हंडा चिंचेने घासून लखलखीत करी आणि ताजे पाणी भरी. रेवूही पेटीचे तसेच करू लागली. ओतलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून ती ते डबक्यातल्या कमळपानाला घाली. पेटी हिऱ्यासारखी चमके. मासोळ्या मात्र वर येऊन तोंड उघडून धापा टाकत. एका सकाळी निळ्या टिकलीची मासोळी पाण्यावर निपचित तरंगताना दिसली.

तिला ओंजळीत घेऊन रेवू डबक्यापाशी गेली आणि मुसमुसून रडू लागली. तोच कमळपानावरचा टपोरा थेंब झगमगला. थेंबातून जांभळ्या-हिरव्या पंखांची, बोटाच्या पेराएवढी परी बाहेर आली.

"रडू नकोस, राणी. तुझ्या पाण्यावरच मी इथे तगले. तुला एक इच्छा देणं लागते. पाणी नितळ करून देऊ?"

"नितळ तर मीच करते गं रोज," रेवू हुंदके देत म्हणाली. "तरी ही गेली. उरलेल्या तरी जगू देत."

"ते इच्छेनं नाही, नेमानं होईल. तू शिळं पाणी रोज फेकतेस ना?"

"शिळं पाणी ठेवू नये, असं आई सांगायची."

"आईचं खरंच आहे. पण ते प्यायच्या पाण्याचं. मासोळ्या पाण्यात राहतात, बाळ. राहतं घर कुणी रोज पाडून बांधतं का? या दगडावर डोळ्यांना न दिसणारे माझे चिमुकले सफाईवाले आहेत. माशांची घाण तेच निस्तरतात. तू नवी पेटी रोज घासतेस, मग त्यांनी बिऱ्हाड थाटायचं कुठं?"

मग परीने नेम सांगितला. दगड न धुता पेटीत ठेवायचा. खाऊ चिमटीभरच, तोही लगेच संपेल एवढा. पाणी सगळे कधीच ओतायचे नाही. अधूनमधून थोडेसे काढायचे आणि दिवसभर बादलीत उघडे ठेवून नळाच्या औषधाचा वास गेलेले पाणी तेवढेच घालायचे. "आधी पाणी गढुळेल. तरी पेटी घासायची नाही. नेम पाळलास, तर इच्छा तुझी."

आणि पाणी खरोखरच गढुळले, अगदी तांदळाच्या धुवणासारखे. बागेत फुले वेचायला येणाऱ्या गोदाकाकू पदर नाकाला लावून म्हणाल्या, "अगो बाई! मासे पाळलेस की ताक घुसळलंस? आईचं नाव घालवलंस हो. आण इकडे, मी देते खसाखसा घासून!"

आईचे नाव निघताच रेवूचे डोळे भरून आले. तिचाही हात चिंचेकडे गेला. पण पेटीत केशरी शेपटीची एक मासोळी धापा न टाकता, संथपणे वळली. रेवू पेटीला पाठ लावून उभी राहिली.

"नको काकू. आत कुणीतरी बिऱ्हाड थाटतंय."

"बिऱ्हाड थाटतंय म्हणे!" काकू हसत निघून गेल्या.

धुके विरावे तसे पाणी हळूहळू निवळले. घासल्यावाचून निवळले! मासोळ्या शेवाळाभोवती शिवाशिवी खेळू लागल्या. पुढे तळे दुरुस्त होऊन भरले आणि त्याच्या नव्या पाण्याचा वास गेला, तेव्हा रेवूने दगडासकट सर्वांना त्यात सोडले. बागेच्या व्यवस्थापकबाईंनी पेटी पाहिली होती. तळ्याची राखण त्यांनी रेवूकडेच दिली.

कमळपानावर परी उभी होती. "बोल, काय मागतेस?"

रेवू वाकून तिच्या कानात काहीतरी कुजबुजली. परी हसली, तिचे पंख सोनेरी झाले, मग रुपेरी, मग नुसता उजेड. उजेड ओसरला तेव्हा पानावर साधा थेंब होता.

शेवाळलेला दगड आजही तळ्यात आहे. तो पाहता आला. वास जाण्यासाठी उघड्या ठेवलेल्या पाण्याची बादलीही काठावर आहे. रेवूने काय मागितले, ते सोपानरावांनाही ठाऊक नाही. मात्र कधीकधी, ते म्हणतात, त्या कमळाखाली कपाळावर निळी टिकली असलेली एक मासोळी फिरते. त्या दिवशी ऊन कलेपर्यंत तिथे वाट पाहिली. पाणी तळ दिसावा इतके नितळ होते, पण पानाखाली सावली होती. एवढी एकच बाब पडताळता आलेली नाही.