तेलाचा हात, विजेचा हात

एकदा एक बाई आपल्या म्हाताऱ्या उस्तादांच्या अंगणात आली आणि गाडीची किल्ली त्यांच्यापुढे ठेवून उभी राहिली. बाईचे नाव उज्ज्वला. घाटमाथ्यावरच्या वाड्यांतली मुले गोळा करून ती खालच्या शाळेत पोचवत असे. तिला गाडी शिकवली ती याच दस्तगीर उस्तादांनी.

"किल्ली मला कशाला?" उस्ताद सावकाश म्हणाले. "मला नीट दिसत नाही, अन् दिसतंय म्हटलं तरी कुणी गाडी देत नाही."

उज्ज्वलाला हसू आले नाही. "शाळेच्या संस्थेला परत करायला निघालेय. सोमवारपासून दुसरा माणूस बघा म्हणून सांगणार. आधी तुमच्या कानावर घालावं म्हटलं."

"आणि माणूस मिळेपर्यंत?"

मागे एकदा असाच माणूस मिळाला नव्हता, तेव्हा वरच्या वाडीच्या मुली शाळा सोडून घरी बसल्या होत्या. हे तिला ठाऊक होते. तरीही तिचे मन धजावत नव्हते.

झाले होते असे. शाळेची जुनी गाडी तिने अनेक वर्षे चालवली. तिचे पॉवर स्टेअरिंग तेलावरचे होते. यंदा संस्थेने नवी गाडी घेतली, तिचे स्टेअरिंग विजेच्या मोटरवरचे. लोण्यात बोट फिरावे तसे ते फिरे. पण मागच्या आठवड्यात, घाटातल्या वळणावर, समोर पिवळा दिवा लागला आणि हातातले चाक एकाएकी जड झाले. तिने गाडी कशीबशी कडेला उभी केली. मुलांना गंमत वाटली; ती मात्र बराच वेळ चाक घट्ट धरून बसली. गॅरेजात गाडी दाखवली. बॅटरीची तार सैल होती, ती त्यांनी आवळून दिली. गाडी बरी झाली. उज्ज्वला झाली नाही.

"उस्ताद, जुन्या गाडीत तेल होतं, पाइप होते, डोळ्यांना दिसायचं," ती म्हणाली. "हिच्यात नुसत्या वायरी. वीज गेली की माझ्या हातातलं चाक आणि खालची चाकं, सगळा संबंधच तुटणार. मागे पोरं बसलेली असतात हो!"

उस्तादांनी वाद घातला नाही. "बाजारतळावर चल," एवढेच म्हणाले.

तो बाजाराचा दिवस नव्हता. तळ मोकळा पडला होता. शाळेची जुनी गाडी आता उस्तादांच्या पुतण्याकडे भाजी वाहत असे. तीही त्यांनी मागवून घेतली. मग त्यांनी तिचे बॉनेट उघडले आणि स्टेअरिंगच्या पंपाचा पट्टा काढून बाजूला टाकला. नव्या गाडीत वाकून, चाचपत स्टेअरिंगचा फ्यूज उपटला आणि सदऱ्याच्या खिशात घातला.

उज्ज्वला घाबरून मागे सरली. "चांगल्या गाड्या बिघडवताय की काय?"

"हो. बस आता नवीत."

"मी नाही बसायची."

"मग मी बसतो. मला दिसत नाही, ते सांगितलंच आहे."

ती नवीत बसली. गाडी सुरू केली तसा पिवळा दिवा लागला. तिने चाक वळवून पाहिले. ते दगडासारखे हट्टाने बसले होते. "बघा! हेच ते!"

"अगं, उभ्या गाडीत पैलवानालाही घाम फुटेल. हळू सोड, मग वळव."

गाडी चालू लागली. उज्ज्वलाने दोन्ही हातांनी, खांद्यांचा जोर लावून चाक ओढले. चाक वळले. आणि गाडी वळली. थोडा वेग आल्यावर चाक जरा सैलही झाले. तिने तळाला एक फेरी घातली, न सांगता दुसरीही घातली. मग उस्तादांनी तिला जुन्या गाडीत बसवले.

"अय्या, ही तर तिच्याहून जड!" ती ओरडली.

"हिच्यात ते तेलही तुलाच ढकलावं लागतंय ना," उस्ताद हसले.

दोघे ओट्यावर टेकले. उस्ताद बोलू लागले.

"पोरी, जुन्या गाडीत इंजिन पंप फिरवतं आणि पंपाचं तेल तुझ्याबरोबर जोर लावतं. तू वळ नाहीतर सरळ जा, पंप आपला फिरतोच. इंधन थोडं जास्त जातं. पण दमला की आधी कण्हतो, तेल गाळतो, तुला समजतं. रस्त्यातला खडाही तळहाताला लागतो. नवीतली मोटर तू वळवशील तेवढ्यापुरती हात लावते, एरवी गप्प. तेल नको, पट्टा नको, इंधन वाचतं. गाडी लावताना चाक हलकं, वेगात घट्ट. पण ती कण्हत बसत नाही. दिवा लावते आणि जाते. दिवा लागला की वेग कमी करायचा, कडेला घ्यायचं, दुरुस्त करून मगच पुढं. तू तेच केलंस."

"मग माझं चुकलं काय?"

"गाडी मोटर वळवते असं धरून बसलीस. या दोन्ही गाड्यांत तुझ्या हातापासून खालच्या चाकांपर्यंत लोखंडी दांडा आहे. तेल काय, वीज काय, ती हात लावणारी माणसं. ती निघून गेली की ओझं वाढतं. नातं तुटत नाही."

उज्ज्वला आपल्या तळहातांकडे पाहत राहिली. त्या दिवशी घाटात मोटर थांबल्यावरही गाडी कडेला आली होती. ती आणली कुणी? आठवडाभरात ती पहिल्यांदा हसली. हसताना तिचे डोळे भरून आले.

"सोमवारी वरच्या वाडीला जरा लवकर निघेन म्हणते," ती म्हणाली. "पण उस्ताद, तो फ्यूज लावा आता. खांदे भरून आलेत."

"लावतो की! मदतीवाचून चालव असं मी कुठं म्हटलं?"

त्यांनी जुन्या गाडीचा पट्टा चढवला, मग नवीत फ्यूज बसवला. दिवा विझला. उज्ज्वलाने एका हाताने चाक फिरवले. ते अलगद फिरले, आणि आज त्या हलकेपणाची तिला भीती वाटली नाही.

मदत मिळेल तेवढी आनंदाने घ्यावी. ती थांबली, तरी चाकावर आपले हात असतातच.