टोपली खाणारा पास्कू

फार वर्षांपूर्वी, वसईच्या बाजूला, खाडीच्या अलीकडं वडभाट नावाचं गाव होतं. गाव अजून आहे, पळून कुठं जाणार. पण तेव्हाची गोष्ट वेगळी. तेव्हा दर दुपारी बाराला देवळाची घंटा वाजायची आणि अख्खं गाव जिथल्या तिथं उभं राहायचं. केळीला पाणी लावणारा वाडीत, मासळीवाली पाटी डोक्यावर घेऊन रस्त्यात, न्हावी वस्तरा धरून आणि त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या फेसात. माना खाली, डोळे मिटलेले, देवदूताची प्रार्थना ओठात. घंटा थांबली की क्रुसाची खूण करायची आणि परत कामाला लागायचं.

डोळे का मिटायचे? भक्तीनं, असं फादर सांगायचे. म्हाताऱ्या सांगायच्या वेगळंच. भर बाराला मेलेली माणसं हिंडतात, आणि त्या वेळी जित्याचीही सावली पायाखाली जाते, म्हणून जिता कोण आणि मेला कोण ते ओळखू येत नाही. तेव्हा न बघितलेलं बरं. असं म्हणतात.

आता या गावात टोपलीवाले होते. ते फादर नव्हेत आणि सिस्टरही नव्हेत, घरसंसारी माणसं. एक शिंपी, एक सुतार, दोघी-तिघी मासळीवाल्या, आणि त्यांची पुढारी नातालबाय. नाताळाच्या दिवशी जन्मली म्हणून नाताल. प्रत्येक घरी भात टाकण्याआधी एक मूठ तांदूळ गरिबांसाठी बाजूला काढायचे, ते हे लोक सकाळी गोळा करायचे. नातालबायच्या ओटीवर बसून टोपल्या भरायचे. तांदूळ, वर सुके बोंबील, दोन केळी, आणि वरून पान झाकलेलं. आणि दुपारी, घंटा वाजत असताना, गावाचे डोळे मिटलेले असताना, टोपली ज्याच्या त्याच्या दारात पोचवायची. नेणाऱ्यानंही मान वर करायची नाही. दार कुणाचं ते नातालबायनं सकाळीच कानात सांगितलेलं असायचं, दुपारपर्यंत विसरायचं.

असं का, तर बस्त्यावमुळं. बस्त्याव म्हणून एक कोळी होता. त्याचं होडकं वादळात फुटलं, घरात चूल पेटेना. कुणीतरी थोर मनाच्या माणसानं रविवारी देवळाच्या आवारात, सगळ्या गावासमोर, नाव पुकारून त्याला तांदळाचं पोतं दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बस्त्यावनं पोतं पाठीवर घेतलं, घरी गेला, दार लावून घेतलं. पुढं बऱ्याच दिवसांनी नातालबायनं ते दार ढकललं. आत बस्त्याव, त्याची बायको, लेकरं, सगळी गेलेली. आणि मधोमध पोतं, तसंच शिवलेलं. सुतळीचा एक टाका उसवलेला नव्हता.

तेव्हापासून घंटेत टोपली.

पण एक गोम होती. घंटा वाजायची एवढासा वेळ आणि गाव खाडीपासून डोंगरीपर्यंत लांब. टोपलीवाले मोजके आणि टोपल्या पुष्कळ. तरी घंटा थांबून डोळे उघडावेत तर सगळ्या टोपल्या पोचलेल्या. कशा, ते कुणी विचारायचं नाही. फक्त डोळे मिटून उभं असताना जवळून पावलं जायची, आणि ती चार-दोन माणसांची नसायची. मिरवणूक चालल्यागत. आणि मागून एक वास यायचा, बंद पोत्यात कोंडलेल्या जुन्या तांदळाचा.

आता पास्कूचं ऐका.

पास्कू माडावर चढणारा गडी. नारळ पाडायचा, माडी काढायचा आणि काढता काढताच निम्मी प्यायचा. पण खरा धंदा खोड्या काढण्याचा. मिस्सा चालू असताना देवळाबाहेर काढलेल्या चपलांच्या जोड्या बदलून ठेवायचा. मग सगळे गुरगुरत, एकमेकांच्या चपला घालून घरी जायचे. एकदा वरातीच्या बँडवाल्याच्या पिपाणीत त्यानं जिती कोळंबी सोडली. त्याची बायको फिलू म्हणायची, "तुला देवानं हात दिले ते कामासाठी की कुणाची शेपटी ओढायला?" तो म्हणायचा, "हात दोन दिलेत ना गं, एक एक वाटून घेतलाय."

घरात पैसा कधी येतो, कधी जातो, त्याला पत्ता नसायचा. ताटात भात असायचा, तो जेवायचा. बारा वाजायच्या आत फिलू त्याला काहीतरी सांगून घराबाहेर घालवायची. जा, विहिरीवर बघून ये. जा, झावळ्या आण. तो जायचा. का घालवते, ते त्यानं कधी मनात आणलं नाही.

इंत्रूज जवळ आला. उपासाचे दिवस लागायच्या आधीची ती धमाल. सोंगं काढायची, दारोदार ढोल बडवायचा आणि वर्षभरात ज्यानं जो मूर्खपणा केला त्याचं त्याच्याच दारात गाणं म्हणायचं. गाणी जोडायची पास्कूनंच. त्या वर्षी माडीच्या गुत्त्यावर बसून त्यानं दोस्तांना सांगितलं, "यंदा गाणं टोपलीचं. कोण कोण टोपली खातंय, नावानिशी. बघा कशी मजा येते."

"अरे पण तुला कळणार कसं?"

"डोळा उघडून. बाकी काय करायचंय?"

एकानं पेला खाली ठेवला आणि घरी निघून गेला.

बातमी नातालबायपर्यंत पोचली. ती त्याला वाडीच्या कुंपणापाशी गाठून म्हणाली, "पास्क्या, मेल्या, काय करतोयस ते कळतंय का?"

"मावशी, मजा गं. कुणाला खातोय का मी?"

"बस्त्याव टाळ्या ऐकून मेला. तुझा तर ढोल आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "बघणारच असशील तर शेवटपर्यंत बघ. मध्ये डोळा मिटू नकोस."

दुसऱ्या दिवशी पास्कू विहिरीजवळच्या सगळ्यात उंच माडावर जाऊन बसला. तिथनं गाव तळहातावर दिसायचं. घंटेचा पहिला टोल पडला. गाव थबकलं. पास्कूनं डोळे मिटले, कारण आईनं लहानपणी भरवलेली भीती पोटात होतीच. मग त्यानं एक डोळा उघडला.

टोल पडला होता, पण संपत नव्हता. तो एकच आवाज हवेत ताणून धरल्यासारखा उभा होता. रहाटाच्या मडक्यातनं पडणारं पाणी मध्येच थांबलेलं. कावळा पंख पसरून कौलांच्या वर, तसाच. न्हाव्याच्या गिऱ्हाइकाच्या हनुवटीवरून फेसाचा थेंब सुटलेला आणि खाली पोचलेला नाही.

आणि रस्त्यावरनं टोपलीवाले चाललेले. पुढं नातालबाय, मागं शिंपी, सुतार, मासळीवाल्या. आणि त्यांच्या मागं रांग. लांबच लांब, डोंगरीच्या वळणापर्यंत. प्रत्येकाच्या डोक्यावर टोपली. पास्कू एकेकाला ओळखत गेला आणि त्याचे हात माडाला घट्ट आवळत गेले. ही तापात गेलेली लुशी. हा खाडीत गेलेला. ही बाळंतपणात. उपाशी, उघडी, गावानं विसरलेली माणसं, ज्यांना नातालबायनं शेवटची चादर घातली होती ती सगळी. आणि त्या रांगेच्या तोंडाशी बस्त्याव, त्याची बायको, लेकरं. लेकरांच्याही डोक्यावर छोट्या टोपल्या.

ती माणसं एकेका दाराकडं वळू लागली. पास्कूनं दारं बघितली. नावं गावात सगळ्यांना माहीत असतील किंवा कुणालाच नसतील, इथं सांगायची नाहीत. मग बस्त्यावची बायको विहिरीला वळसा घालून आली, केवड्याच्या कुंपणापाशी वाकली आणि एका घरात शिरली. दारात एक बाई डोळे मिटून, पदर पसरून उभी होती.

ती फिलू होती.

पास्कूच्या तोंडातनं आवाज निघाला. शब्द नाही, नुसता आवाज. खाली बस्त्याव थांबला. त्यानं मान वर केली, माडाच्या शेंड्याकडं, सरळ पास्कूच्या उघड्या डोळ्यांत बघितलं. तो रागावला नाही, धावून आला नाही. त्यानं टोपली रस्त्यात ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग त्याच्या लेकरांनी झाकलं. मग रांगेतल्या सगळ्यांनी. मेलेल्या माणसांना लाज वाटली. तोंडं झाकूनच ती मागं फिरली आणि केळींच्या सावलीत एकेक करून विझली.

टोल सुटला. कावळा उडाला. घंटा थांबली आणि गावानं डोळे उघडले.

टोपल्या रस्त्यात पडलेल्या. एक इकडं, एक तिकडं, भर उन्हात. लोक टोपल्यांकडं बघू लागले, मग जवळच्या दारांकडं, मग एकमेकांकडं. एका कुंपणाशी एक विधवा उभी होती, तिच्या फाटकापासून टोपली हातभर लांब. तिच्या तोंडावरचा रंग गेला होता. कुणीतरी हळूच म्हणालं, "ही कुणाकडं चालली होती गं?"

पास्कू माडावरनं घसरत खाली आला, छाती सोलून निघाली. धावत रस्त्यात येऊन ओरडला, "हात नका लावू. माझ्या आहेत."

"कुठल्या?"

"सगळ्या. ही माझी, ती पण माझी. इतकी वर्षं मीच खातोय. पोट बघा ना माझं." आणि त्यानं सोललेल्या छातीखालचं खपाटीला गेलेलं पोट फुगवून दाखवलं. एकजण हसला. मग दुसरा. मग अख्खा रस्ता हसायला लागला. त्या हसण्यात विधवा आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. पास्कूनं टोपल्या उचलल्या, एकावर एक रचल्या आणि हसणाऱ्या गावामधनं घरी नेल्या.

घरी फिलूला विचारलं, "कधीपासून?"

"थोरला झाला तेव्हापासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू गाणं केलं असतंस," फिलू म्हणाली.

पास्कूनं आणलेल्या टोपल्या एकेक करून पानांनी परत झाकल्या.

संध्याकाळी तो नातालबायकडं गेला. ती म्हणाली, "बस्त्याव आता यायचा नाही. लाजेनं मेला, आणि लाज मेल्यावर पण सुटत नाही, बघितलंस ना."

"मग टोपल्या?"

"पाय तुझे."

"मावशी, घंटा एवढीशी असते."

"घंटेचं मी बघते," नातालबाय म्हणाली. आणि त्याच वर्षी, इंत्रूज उलटल्यावर उपासाच्या दिवसांत, ती गेली.

इंत्रूजला पास्कूनं गाणं म्हटलं. टोपली कुणी खाल्ली, पास्कूनं खाल्ली. हे गाणं दारोदार, ढोल बडवून. लोक हसून हसून दमले. आणि दर दुपारी तो फिलूच्या जुन्या लुगड्याची पट्टी डोळ्यांवर बांधून टोपल्या घेऊन निघायचा. जे बघितलं तेवढं पुरे, म्हणायचा. एका माडाला धडकला नाही, एका दाराला चुकला नाही. आणि तो परत येईपर्यंत घंटा थांबायची नाही. घंटा वाजवणारा इनास शपथेवर सांगायचा, की मी दोर सोडला तरी दोर चालतो, आणि माझ्या हाताच्या वर कुणाच्या तरी बांगड्या वाजतात.

पुष्कळ वर्षं गेली. पास्कू म्हातारा झाला, मान हलायला लागली. एके दुपारी डोक्यावरची चुंबळ सरकली, टोपली कलली, आणि पट्टी बांधलेला तो उन्हात चाचपडत उभा राहिला. तेव्हा कोंडलेल्या तांदळाचा वास आला. एका गार हातानं चुंबळ सारखी केली. आणि मागं पावलं वाजली, मिरवणुकीची. पास्कूनं पट्टीला हात लावला नाही. असं म्हणतात की तो रडत होता, आणि असंही म्हणतात की हसत होता. पास्कूचं काही सांगता येत नाही.

वडभाटला आजही टोपलीवाले आहेत. शाळेतली एक बाई, एक रिक्षावाला, रिटायर झालेला एक पोस्टमन, असेच कुणी. टोपलीच्या जागी कापडी पिशवी आली, बाकी तेच. बाराची घंटा झाली की स्कूटरसुद्धा बाजूला लागते. इंत्रूजला टोपली कुणी खाल्ली असं विचारलं की प्रत्येक घर, बंगलेवाले धरून, आपलंच नाव सांगतं.

आणि पास्कू अजून हिंडतो. ज्या दारात पिशवी पोचते तिथल्या चपला तो डावी उजवीकडं, उजवी डावीकडं ठेवून जातो, सवय गेली नाही मेल्याची. आता त्यावरनं कुणी ओळखेल, म्हणून गावानं एक रीत पाडलीय. बाराच्या आधी घराघरात जो तो आपल्याच चपला उलट्या लावून ठेवतो. मग घंटा थांबते, कुणीतरी खुदकन हसल्यासारखं वाटतं, आणि थोडा वेळ अख्खं वडभाट डाव्या पायात उजवी घालून लंगडत चालतं.