दादाचा पडदा

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा माणसाची छबी फक्त कुंचल्यानेच उतरायची. एका नगरात दोघे चितारी भाऊ राहत. थोरल्याने एक मोठा पडदा रंगवला होता. मागे तळं, पुढे राजवाड्याच्या पायऱ्या. पडद्याचं खालचं टोक जमिनीवर पसरायचं आणि त्या रंगवलेल्या पायरीवर उभी राहून माणसं आपली तसबीर काढून घ्यायची.

थोरला सारखा बजावायचा, "पाय धुऊन चढ रे. आणि पडदा वेळूवर गुंडाळायचा, घडी घालायची नाही."

"कापडच तर आहे, दादा!" धाकटा हसायचा.

एका वर्षी तापाच्या साथीत थोरला गेला. धाकट्याला तो पडदा डोळ्यांसमोर नको झाला. रागारागाने त्याने त्याची घडी घातली आणि पेटीत कोंबला.

महिन्याने पेटी उघडली, तर तळ्यावर आडवी भेग पडलेली. रंगाचे पोपडे त्याच्या मांडीवर गळले. चेहरे काढायला दादाने त्याला शिकवलं होतं, पण तळ्याचं तसं पाणी रंगवणं त्याला काही साधेना. तो खूप रडला. मग उठला, वेळू तासला, पडदा त्यावर गुंडाळला आणि दाराशी पाण्याचा घडा ठेवला.

तेव्हापासून धुतल्या पायांशिवाय पडद्यावर कुणी चढलं नाही. कुंचल्याला कुणी उगाच बोट लावलं तरी तो अंगावर धावून जायचा.

"पडद्याला राजाने वतन दिलंय का रे?" लोक टोमणे मारत. त्याने घडा हलवला नाही.

एकदा एक सरदार म्हाताऱ्या आईला घेऊन आला. जोडे चिखलाने भरलेले, तळांना लोखंडी खिळे. तो तसाच पडद्याकडे निघाला. धाकटा हात पसरून आडवा उभा राहिला.

"जोडे काढा, सरदार."

"बाजूला हो! फडकंच तर आहे."

"मीही हेच म्हणायचो. ती भेग दिसते ना? ती माझी आहे. दुसरी पडू देणार नाही. तलवार उपसलीत तरी नाही."

सरदाराचा हात मुठीवर गेला. तेवढ्यात म्हातारी पडद्याच्या कडेला भुईवर बसली.

"हीच ती पायरी," ती मुलाला म्हणाली. "लढाईवर जाण्याआधी तुझा भाऊ इथेच उभा राहिला होता. मला म्हणाला होता, आई, परत आलो की आपण दोघं उभी राहू. तो आला नाही, म्हणून तुला घेऊन आले. आणि तू त्याच्या पायरीवर खिळे रोवणार होय, बाळा?"

सरदाराने मुठीवरचा हात काढला. जोडे दाराबाहेर ठेवले. आधी आईचे पाय धुतले, मग स्वतःचे.

तसबीर काढताना म्हातारीने शेजारी एका माणसाची जागा मोकळी ठेवायला सांगितली. धाकट्याने ती ठेवली.

निघण्याआधी पडदा गुंडाळताना वेळूचं दुसरं टोक सरदारानेच धरलं.

"हळू," धाकटा म्हणाला.

"तू सांगशील तसं."

मुलांनो, मोठ्यांनो, ध्यानात ठेवायचं ते एवढंच: वस्तू बिघडण्याआधी जपावी, मागाहून कितीही रडलं तरी भेग बुजत नाही.