भिंतीची हजेरी

एकदा एका ओढ्याकाठच्या गावात पुराच्या पाण्याने ख्रिस्तमंदिराची आवारभिंत पडली. भिंतीच्या आत कबरस्थान होते. आडोसा गेल्यावर गावची गुरे खुशाल आत शिरू लागली, आणि आपल्या आईबापांच्या कबरींवर शेळ्या चरताना पाहण्याची पाळी मंडळीवर आली. मंडळी म्हणजे तीसेक घरे, बहुतेक मोलमजुरी करणारी. पण त्यांनी कुणापुढे हात पसरला नाही. दिवसाचे काम आटोपून यायचे, ओढ्यातले दगड वाहायचे आणि दिसेनासे होईपर्यंत सिमेंटात बांधायचे, असे करत सत्तेचाळीस दिवसांत भिंत खांद्याएवढी उभी राहिली. मोठमोठ्या गावांच्या श्रीमंत मंडळ्यांनाही हे जमले नसते, हे छाती फुगवूनच सांगायला हवे.

मंदिरामागच्या खोलीत एक वृद्ध गुरुजी राहत. चाळीस वर्षे खेडोपाडी वचन सांगून ते आता इथे विसावले होते. गावातलाच एक तरुण त्यांच्याजवळ पवित्र शास्त्राचा अभ्यास करी. सुवार्तिक व्हावे, गुरुजींसारखे गावोगाव वचन सांगावे, ही त्याची एकच आकांक्षा. दोनदा त्याचे नाव वर गेले होते आणि दोनदा परत आले होते. आता भिंत देवाला अर्पण करण्याच्या समर्पण-विधीसाठी जिल्ह्यातल्या मंडळ्यांचे अधीक्षक यायचे होते. त्या दिवशीचे प्रवचन या तरुणाने करावे, ते ऐकून शेवटचा निर्णय घेऊ, असा त्यांचा निरोप होता.

शिष्याने प्रवचन केव्हाच रचून ठेवले होते. विषय होता, यरीहोचा कोट कसा कोसळला. कर्णे, गर्जना, धुरळा, सगळे जय्यत तयार होते. ते ऐकून गुरुजी गालात हसले.

“बाळा, लोकांच्या हातांवरचे फोड अजून बरे झालेले नाहीत, आणि तू त्यांना भिंत पाडून दाखवणार?”

शिष्य ओशाळला. “मग कोणता शास्त्रपाठ घेऊ?”

“नहेम्याचा तिसरा अध्याय.”

शिष्याचा चेहरा पडला. यरुशलेमेचा मोडका कोट पुन्हा बांधल्याची हकिगत त्या पुस्तकात आहे खरी. पण तिसरा अध्याय म्हणजे निव्वळ नावांची यादी. अमक्याच्या मुलाने इथपर्यंत बांधले, त्याच्या शेजारी तमक्याच्या मुलाने. मागच्याच आठवड्यात सकाळच्या वाचनात तो अध्याय आला, तेव्हा ‘यात घेण्यासारखे काही नाही’ म्हणून शिष्याने पान उलटले होते आणि गुरुजी अवाक्षरही बोलले नव्हते.

“गुरुजी, अधीक्षकांपुढे नुसती नावे वाचू? आणि प्रवचन?”

“प्रवचन नको. वही घे आणि भिंतीला फेरी मार. कोणता तुकडा कोणी बांधला ते विचार, लिहून आण. नहेम्याची यादी वाचून झाली की तुझी वाच.”

म्हाताऱ्याला माझे भले बघवत नाही की काय, असेही शिष्याच्या मनात येऊन गेले. पण शब्द मोडण्याची त्याची छाती नव्हती. तो वही घेऊन निघाला. दाविद उजागरे गवंडी बरोबर आला आणि हात लावून लावून एकेक तुकडा दाखवू लागला. फाटकाशेजारचा तुकडा याकोब अमोलिकाचा. मजुरी नसेल तेव्हा चपला शिवणारा माणूस, पण दगड असा बसवला की सुई शिरू नये. पुढे मार्थाबाई त्रिभुवन आणि तिच्या दोन सुना. त्यापुढचा लुकसचा; तो एका हाताने अधू, म्हणून दगड मांडीवर घेऊन रचत असे. शिष्य लिहीत गेला. उत्तरेच्या कोपऱ्याशी गवंडी थांबला.

“ह्यो कोपरा दोनदा ढासळला व्हता. आता कसा उभा हाय बघ. म्या दगूड रचला, पर पक्का केला तुझ्या आईनं. रोज पहाटं नि सांजच्याला समद्या भिंतीला पानी मारलं तिनं. ओढ्यावरनं हंड्यानं. एक दीस खाडा न्हाई.”

शिष्य चकित झाला. आपण दिव्यापाशी शास्त्र वाचत बसलो होतो, तेव्हा आई ओढ्याची चढण चढत होती, हे त्याला ठाऊकच नव्हते; ती घरचे पाणी भरते असेच तो समजत होता. त्याने मान डोलावली. पण वहीत काही लिहिले नाही.

संध्याकाळी गुरुजींनी यादी वाचली. “छान आहे. सिमेंटच्या भिंतीला पाणी लागते म्हणतात. ते कोणी मारले?”

 शिष्य म्हणाला, “ते बांधकामात थोडेच येते, गुरुजी?” आणि मग खरे ते बोलला. “ती माझी आई आहे. अनवाणी येते, ठिगळाचे लुगडे नेसते. अधीक्षकांसमोर नाव घेतले तर ती उठून उभी राहील, आणि सगळे तिच्याकडे बघतील. मला लाज वाटते.”

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी शास्त्र उघडून त्याच्यापुढे ठेवले.

“नहेम्या हा राजाच्या हाती प्याला देणारा, त्याचा मानाचा प्यालेबरदार होता. मनात आणले असते तर ‘कोट मी बांधला’ एवढे लिहून मोकळा झाला असता. पण त्याने कोणाकोणाला लिहिले ते बघ. सोनार लिहिले, सुगंधी द्रव्ये करणारे लिहिले. शल्लूम नावाच्या माणसाबरोबर त्याच्या मुली राबल्या, त्याही लिहिल्या. एका गावच्या बड्या लोकांनी कामाला मान वाकवली नाही, तेही लिहून ठेवले. तुला हे पान कोरडे वाटले, कारण त्यात तुझे कोणी नव्हते. त्या मुलींच्या लेकराबाळांना विचार, त्यांना ते कसे वाटले असेल. देवाच्या पुस्तकात इतकी साधी माणसे नावानिशी बसली आहेत, आणि तू तुझ्या वहीत आईला जागा देत नाहीस. उद्या काय वाचायचे ते तूच ठरव.”

समर्पणाच्या दिवशी मंदिर गच्च भरले होते. अधीक्षक पुढच्या खुर्चीत घड्याळ हातात धरून बसले. शिष्याने तिसरा अध्याय वाचला. कठीण नावांशी झुंजताना त्याला घाम फुटला, मागे कोणी जांभई दिली. मग त्याने वही उघडली.

“फाटकापासून चिंचेपर्यंत, याकोब अमोलिक.”

“हाय!” याकोब ताडकन उभा राहिला.

सगळे हसले. जन्मभर तलावाच्या आणि रस्त्याच्या कामावर मुकादमाने नाव पुकारले की ओ द्यायची, हीच त्याची सवय. हजेरी चालू आहे असेच त्याला वाटले. पण तो उभाच राहिला, आणि त्याच्याकडे बघता बघता लोकांचे हसू विरून गेले.

“त्याच्या शेजारी मार्थाबाई त्रिभुवन आणि तिच्या सुना.”

“हाय!” तिघी एकदम उठल्या.

लुकस उठला. दाविद गवंडी उठला. एकेका नावाला ओ येत गेली आणि मंदिर उभे राहत गेले. माना ताठ झाल्या होत्या. मुकादमाच्या हजेरीला त्या कधी अशा झाल्या नव्हत्या. अधीक्षकांनी घड्याळ खिशात टाकले. शिष्य शेवटच्या ओळीशी आला. ती त्याने त्याच पहाटे लिहिली होती, आई हंडा घेऊन बाहेर पडल्यावर.

“आणि चारही बाजूंनी,” त्याचा आवाज खणखणीत झाला, “जिने रोज पाणी घालून ही भिंत पक्की केली, ती सलोमीबाई खरात. माझी आई.”

अगदी मागे, दारापाशी, ती माउली उठली. पदर सावरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हाय रं, लेकरा.”

त्यानंतर प्रवचन झाले नाही. कुणी मागितलेही नाही. अधीक्षक उठून आधी दारापाशी गेले, सलोमीबाईंना हात जोडले आणि म्हणाले, “आई, तुमचा मुलगा आम्हाला द्या.”

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. तो शिष्य ज्या ज्या गावी सेवेला जातो, तिथे तिथे वर्षातून एकदा हा अध्याय मंडळीपुढे वाचतो. वाचताना प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबतो. नव्या माणसांना वाटते की नावे अवघड आहेत म्हणून तो अडखळतो. तो ओ यायला जागा ठेवत असतो.